फीडरमधील बिघाड कसा शोधावा?

दिल्लीलगतच्या नोएडा येथे सॅमसंगच्या विस्तारित मोबाईल कारखान्याचे उद्घाटन ९ जुलै २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि दक्षिण कोरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांच्या हस्ते झाले. मोबाईलच्या सर्किट बोर्डावर सूक्ष्म सुटे भाग यंत्रे बसवतात. यंत्राला हे भाग पुरवणारे उपकरण म्हणजे फीडर. लहान भागांची फीत साधारणतः ८ मिलिमीटर रुंद असून तिच्या कडेला दर ४ मिलिमीटरवर छिद्र असते. फीडरचे दातेरी चाक ही फीत पुढे सरकवते, वरचे पातळ आवरण सोलले जाते आणि यंत्राचे नॉझल हवा ओढून भाग उचलते.

भाग उचलला गेला नाही, की दोष फीडरला दिला जातो. मात्र त्याचे कारण फितीचे रीळ, नॉझल किंवा यंत्रावरील जागा यांतही असू शकते. त्यामुळे प्रथम फीडर दुसऱ्या जागी लावून पाहावा. बिघाड त्याच्यासोबत गेल्यास रीळ बदलून पाहावे. तरीही तो कायम राहिल्यास फीडर दुरुस्तीला द्यावा. मूळ जागी दुसरा फीडरही अडत असल्यास तेथील जोडणी तपासावी. एकच नॉझल अनेक फीडरवर चुकत असल्यास ते स्वच्छ करावे.

एका वेळी एकच बदल करणे महत्त्वाचे आहे. अन्यथा चांगला फीडर दुरुस्तीला जातो आणि तोच बिघाड उत्पादन पुन्हा थांबवतो.