काटा शांत, इंजिन बेचैन

जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन सिग्नलला उभे असताना कधी विनाकारण गुरगुरते, तर कधी धापा टाकत बंद पडते. तापमानाचा काटा मात्र जागचा हलत नाही. या लहरींमागे निश्चित कारणे असतात आणि त्यांतली बरीचशी रेडिएटरच्या पाण्याशी निगडित असतात. माझ्दा ‘एमएक्स-५’च्या पहिल्या पिढीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागो येथील वाहन प्रदर्शनात माझ्दा या जपानी कंपनीने दोन आसनांची, उघड्या छताची ही छोटी गाडी सादर केली. अमेरिकेत ती ‘मियाटा’ या नावाने लोकप्रिय झाली. पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७पर्यंत चालले आणि पुढील पिढ्या धरून २०१६मध्ये या गाडीने दहा लाखांचा टप्पा गाठला. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाच्या गाड्यांनी आता तिशी ओलांडली आहे. अशा गाडीच्या मालकांच्या दोन तक्रारी नेहमीच्या असतात. पहिली तापमानाच्या काट्याबद्दल आणि दुसरी आयडलिंगबद्दल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना चालणाऱ्या इंजिनाच्या गतीबद्दल. या तक्रारी बहुधा वेगवेगळ्या मानल्या जातात आणि तिथेच निदान चुकते.

काट्याची मर्यादा

डॅशबोर्डवरील काटा हा थर्मामीटर नव्हे. इंजिन नेहमीच्या तापमानाला आले की तो मध्याच्या आसपास स्थिरावतो आणि त्यानंतर पाण्याचे तापमान काही अंशांनी वरखाली झाले तरी फारसा हलत नाही. शिवाय या गाडीत तापमान मोजणारी साधने तीन आहेत. एक काट्याला माहिती पुरवते, दुसरे इंजिनाच्या संगणकाला, तर तिसरे रेडिएटरचा विजेवरील पंखा सुरू करते. त्यामुळे काटा योग्य जागी असूनही संगणकाला इंजिन थंडच आहे असे वाटू शकते. मग तो गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडत राहतो. गाडीचे अ‍ॅव्हरेज घसरते, धुराला पेट्रोलचा वास येतो आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू करताना त्रास देते.

काट्याचा याहून मोठा धोका वेगळाच आहे. गळतीमुळे पाणी फार कमी झाले, तर काट्याचे सेन्सर पाण्याबाहेर पडते. त्याच्याभोवती केवळ हवा किंवा वाफ उरली, की आतून इंजिन तापत असतानाही काटा खाली आलेला दिसू शकतो.

आयडलिंगचे गणित

तापलेल्या अवस्थेत या इंजिनाचे आयडलिंग मिनिटाला सुमारे ८५० फेरे असावे, असे कंपनीचे प्रमाण आहे. सकाळच्या पहिल्या स्टार्टला मात्र ते बरेच जास्त असते आणि तो दोष नव्हे. थंड इंजिनाला जादा हवा मिळावी, म्हणून थ्रॉटलजवळच्या झडपेत मेणाची एक गोळी बसवलेली असते. या झडपेखालून इंजिनाचे पाणी एका बारीक होजमधून फिरते. पाणी तापले की मेण प्रसरण पावते, जादा हवेची वाट बंद होते आणि फेरे उतरतात. एअर कंडिशनर लावला किंवा बॉनेटमधून वर येणारे हेडलाइट सुरू केले की फेरे क्षणभर पडून सावरतात. ही सावरण्याची कामगिरी त्याच झडपेचा विजेवर चालणारा भाग संगणकाच्या हुकमाने पार पाडतो.

पाण्याचा आणि आयडलिंगचा संबंध इथे उघड होतो. पाणी कमी झाले किंवा बारीक होजमध्ये हवेचा बुडबुडा अडकला, तर मेणापर्यंत उष्णता पोहोचत नाही. इंजिन तापूनही फेरे दीड हजाराच्या आसपास रेंगाळतात. म्हणजे काटा निर्धास्त असताना वाढलेले आयडलिंग हीच कमी पाण्याची पहिली सूचना असू शकते.

काही गाड्यांत फेरे एका लयीत वरखाली होत राहतात. थ्रॉटल बंद असूनही फेरे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की गाडी उतारावर आहे असे समजून संगणक पेट्रोल तोडतो. फेरे पडले की पुन्हा पेट्रोल देतो. जादा हवा शिरत राहिली तर हे चक्र थांबत नाही.

फेरे अनियमित पडत असतील, तर मोजमाप न झालेली हवा हे कारण संभवते. १.६ लिटरच्या इंजिनात हवा मोजण्यासाठी एक पडदा असतो. त्याच्या पुढे रबरी पाइपला चीर पडली, ऑइलचे झाकण सैल राहिले किंवा डिपस्टिक नीट बसली नाही, तरी बाहेरची हवा आत शिरून मिश्रण बिघडते.

केव्हा तापते?

गाडी तापते ही तक्रार अपुरी आहे. ती केव्हा तापते, यावर निदान अवलंबून असते. सिग्नलला तापून वेगात निवणाऱ्या गाडीत संशय पंख्यावर किंवा त्याच्या स्विचवर घ्यावा. उलट वेगात किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत तुंबलेला रेडिएटर, पुरता न उघडणारा थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप तपासावा. हमरस्त्यावर काटा खाली येत असेल आणि पाणी पुरेसे असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याची शक्यता असते. या गाडीच्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी दिसू लागली, की तडकण्यापूर्वीच बदललेली बरी.

इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. उष्णतेने दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे एकदाच अति तापलेले इंजिनही हेड वाकवून गॅस्केट उडवू शकते. शंभरदोनशे रुपयांच्या होजकडे केलेले दुर्लक्ष अशा वेळी संपूर्ण इंजिन उघडायला लावते.

स्क्रू शेवटी

आयडलिंग बिघडले की अनेक जण प्रथम थ्रॉटलवरचा स्क्रू फिरवतात. या गाडीत तो उपाय सर्वांत शेवटचा आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर, बॉनेटखालच्या तपासणी पेटीतील ‘टेन’ आणि ‘ग्राउंड’ ही टोके तारेने जोडूनच स्क्रू फिरवायचा असतो. तसे न केल्यास मिस्त्रीने केलेला फेरफार संगणक आपल्या परीने भरून काढतो आणि मूळ दोष झाकला जातो.

त्याआधी थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहावे. टाकीतील पातळी पुरेशी दिसली, तरी रेडिएटर रिकामा असू शकतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आतील दाबामुळे शंभर अंशांच्या वर तापूनही न उकळलेले पाणी दाब सुटताच उसळते आणि गंभीर भाजू शकते. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे, कारण बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात.

पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत अडकणाऱ्या जुन्या पेट्रोल गाड्यांची रचना थोडीफार वेगळी असली, तरी तपासणीचा क्रम हाच राहतो. आधी पाणी, मग हवेची गळती, त्यानंतर सेन्सर आणि सर्वांत शेवटी स्क्रू.