हातांनी राखलेला देश

आपल्या मुलांना आपली संस्कृती कळावी, असे कुणाला वाटत नाही? पण त्यासाठी आपण करतो काय? बहुतेक वेळा सांगतो. सणाची माहिती सांगतो, श्लोक पाठ करून घेतो, संमेलनात नऊवारी नेसवून एखादा नाच बसवतो. मुले ऐकतात, टाळ्या मिळवतात आणि महिन्याभरात विसरूनही जातात.

मुलीच्या निमित्ताने दोन खेपांना पोलंडमध्ये राहण्याचा योग आला. एकदा ऐन डिसेंबरात, एकदा मार्च-एप्रिलमध्ये. मुलगी आणि जावई क्राकूव शहरात संगणकाच्या नोकरीत आहेत आणि सात वर्षांचा नातू तिथल्याच शाळेत जातो. त्या शाळेत आणि शेजारपाजारी जे पाहिले, त्यावरून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. पोलिश माणसे आपली संस्कृती मुलांच्या हातात देतात. अगदी शब्दशः हातात. कात्री, मेण, गवत, कणीक यांच्या रूपाने!

डिसेंबरात नातू चॉकलेटचे चकचकीत कागद जमवू लागला. विचारले तर म्हणाला, ‘शोप्का करायचीय.’ शोप्का म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. पण क्राकूवची शोप्का वेगळीच. गोठ्याच्या जागी गावातल्या चर्चचे मनोरे, राजवाड्याचे घुमट, आणि सगळ्यावर रंगीत चमकीचा कागद. पूर्वी हिवाळ्यात बांधकामे बंद पडली की गवंडी आणि मजूर अशा शोप्का करून दारोदार फिरत आणि चार पैसे मिळवत. १९३७ साली त्यांची स्पर्धा सुरू झाली. महायुद्धाच्या काळात खंड पडला, तो वगळता ती चालूच आहे. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मुख्य चौकात, कवी आदाम मित्सक्येविच यांच्या पुतळ्यापाशी, लहानथोर आपापल्या शोप्का घेऊन येतात. २०१८ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मला मात्र ते पाहताना आठवला आपला दिवाळीचा किल्ला! आपल्याच परिसरातला इतिहास मुलाने आपल्या हातांनी उभा करायचा, ही कल्पना किती सारखी आहे पाहा.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे ‘विगिल्या’ला, मुलांना कामे वाटून दिलेली असतात. टेबलावरच्या चादरीखाली वाळके गवत पसरायचे, कारण येशू गोठ्यात जन्मला. मग खिडकीशी उभे राहून आकाशात पहिली चांदणी शोधायची. ती दिसल्याशिवाय जेवण नाही. जेवणाआधी ‘ओपवातेक’ नावाची पापडासारखी पातळ वडी प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातून तोडून घ्यायची आणि शुभेच्छा द्यायच्या. पदार्थ बारा, पण मांसाचा एकही नाही. आणि एक ताट जास्तीचे, कुणी अवचित पाहुणा आलाच तर त्याच्यासाठी. ‘अतिथी देवो भव’वर आपण निबंध लिहून घेतो, तिथे मूल दरवर्षी एक ताट मांडते.

मार्चमध्ये आणखी मजा. २१ मार्चला वसंत सुरू होतो. त्या दिवशी शाळेतली मुले ‘मझान्ना’ करतात. ही हिवाळ्याची बाहुली. काठीला गवत बांधायचे, जुन्या चिंध्यांचा झगा घालायचा, वाजतगाजत नदीवर न्यायची आणि बुडवायची किंवा जाळायची. हिवाळा संपला! नातवाच्या वर्गात बाईंनी बजावले होते, ‘प्लॅस्टिक नको, नदी घाण होते.’ शाडूच्या गणपतीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या बाईच आठवल्या.

त्याच दिवसांत वर्गात कागदाची कातरकामे चालली होती. या कलेला ‘विचिनान्की’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या बायका घराच्या पांढऱ्या भिंती सजवण्यासाठी असे कागद कापू लागल्या, आणि तेही मेंढ्यांची लोकर कातरायच्या मोठ्या कात्रीने. कुर्पिए भागातली नक्षी एकाच रंगाची, कागदाची घडी घालून कापलेली. वोविच गावाची नक्षी मात्र रंगावर रंग चिकटवून फुललेली. त्यात कोंबडे हवेतच. आपल्या शाळेत मिळतो तो घोटीव कागद आणि एक कात्री, एवढ्यावर हा खेळ जमतो.

पण खरी शाळा भरली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंच्या स्वयंपाकघरात. पोलिश भाषेत आजीला ‘बाब्चा’ म्हणतात. ईस्टरच्या आधी या बाब्चाने नातवाला आणि मला ‘पिसांकी’, म्हणजे नक्षीची अंडी, करायला बोलावले. तिला मराठी येत नाही, मला पोलिश येत नाही. दुभाषी म्हणून सात वर्षांचा नातू!

कांद्याची सालपटे तिने महिनाभर साठवली होती. ती पाण्यात अर्धा तास उकळली की विटकरी रंग उतरतो. बिटाने गुलाबी, कोवळ्या राईच्या (ही मोहरी नव्हे, गव्हासारखे धान्य) पात्यांनी हिरवा. पेन्सिलीच्या टोकाला टाचणी खोचून, तिचे डोके वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठिपके आणि रेघा ओढायच्या. मग अंडे रंगात सोडायचे. रंग चढल्यावर मेणबत्तीजवळ किंचित शेकून मेण पुसले की खाली पांढरी नक्षी! मात्र रंग गरम असून चालत नाही, मेण आतच वितळते. बाब्चा हे पुन्हापुन्हा सांगत होती आणि नातू मराठी शब्दासाठी अडला होता. ‘आजी, गरम नाही, थंड पण नाही... काय म्हणतात?’ मी म्हटले, ‘कोमट.’ त्याने तो शब्द तीनदा घोळवला. त्या दुपारी त्याला मेण, सालपट, ठिपका आणि कोमट असे चार शब्द मिळाले. एरवी हाच मुलगा माझ्या मराठी प्रश्नाला पोलिशमध्ये उत्तर देतो. त्याची आई हळहळते, ‘पुढे आपल्याशी बोलेल तरी का हा?’ घरोघरच्या या चिंतेला मला तिथे वाट सापडली. भाषा कामाच्या पोटी येते. हातात काम असले की शब्द मागावाच लागतो.

ईस्टरनंतरच्या सोमवारी मुलांनी एकमेकांना पाण्याने भिजवायचे असते. त्या दिवसाचे नाव ‘श्मिगुस-दिंगुस’. आपली रंगपंचमीच, फक्त रंगाविना.

या लोकांना हे इतके का जपावेसे वाटते? उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि (१७९३ वगळता) ऑस्ट्रियाने पोलंडचे तुकडे वाटून घेतले. पुढची १२३ वर्षे, १९१८ पर्यंत, नकाशावर हा देशच नव्हता. १९०१ साली व्झेश्न्या गावात धर्मशिक्षणाचा तास जर्मनमध्ये घ्यायला पोलिश मुलांनी नकार दिला, तेव्हा शिक्षकांनी त्यांना छड्यांनी मारले. शाळा आणि कचेरी परक्यांची. उरले होते घर. तिथे अंड्यावर ठिपका काढणाऱ्या आणि चादरीखाली गवत पसरणाऱ्या हातांनी देश राखला.

हे कळले तेव्हा मला माझे माहेर आठवले. मी कोल्हापूरची. आईच्या तोंडून ‘पोलंडच्या बायका’ हे शब्द लहानपणी अनेकदा ऐकलेले. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ साली सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकललेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला शेकडो मुलांना जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी आसरा दिला. आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार माणसे राहिली. बहुतेक बायका आणि मुले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीर पथके होती. परमुलखातही त्या बायकांनी मुलांचे पोलिशपण सुटू दिले नाही. पुढे फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित वसले; आज ते गांधीनगर. पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडणाऱ्या लोकांना कोल्हापूरने खरोखरच ताट मांडले होते!

तेव्हा या सुट्टीत एक करून पाहा. मुलांना कांद्याची सालपटे जमवायला सांगा आणि पिसांकी करा. घरात अंडे चालत नसेल तर घोटीव कागदाचा कोंबडा कापा. कापता कापता त्यांना वळिवड्याची गोष्ट सांगा. आणि मग आपल्याही गोष्टींकडे वळा. तोरण मुलाला ओवू द्या, करंजीची मुरड त्याच्या हातून घाला, किल्ल्याची माती त्यालाच कालवू द्या. करंजी फुटेल, माती फरशीवर सांडेल. सांडू द्या. पुसायचे फडके मात्र त्याच्याच हाती द्या आणि पाणी कोमट घ्यायला सांगा.