एअर फ्रायर घ्यावा का? आधी घरातली माणसं मोजा

रमजान जवळ आला की मोबाईलवर एअर फ्रायरच्या जाहिराती वाढतात. तेलाशिवाय समोसे, तेलाशिवाय भजे! हिवरखेडसारख्या गावातही आता हा प्रश्न आम्हाला विचारला जातो. विचारणाऱ्या घरात बहुतेक वेळा कोणाला तरी शुगर किंवा बीपी निघालेलं असतं. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलेलं असतं आणि इफ्तारच्या दस्तरख्वानावर तर भजे-समोसे रोजचे. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही.

आधी हे यंत्र आहे काय ते बघू. फिलिप्स कंपनीने 2010 मध्ये ते याच नावाने बाजारात आणलं. आत वरच्या बाजूला हीटरची कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली. पंखा गरम हवा जोरात फिरवतो, ती पदार्थाच्या चारही बाजूंनी लागते आणि वरचा ओलावा उडून कवच कडक होतं. म्हणजे नावात 'फ्रायर' असला तरी तो तळत नाही, भाजतो. आपल्या वऱ्हाडात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात, त्याच घराण्यातलं हे काम. फक्त इथे राख नाही आणि धूर नाही.

तळणं आणि भाजणं यातला फरक मुलांना समजावताना आम्ही तंदूरचं उदाहरण देतो. रोटी लावणारा कारागीर पेटलेल्या तंदूरमध्ये हात घालतो आणि झटकन बाहेर काढतो. तोच हात गरम तेलात घालता येईल का? तेलाचं तापमान तंदूरपेक्षा कमी असतं, तरी कातडी सोलून निघेल. कारण हवा उष्णता फार हळू देते, तेल एकदम देतं. म्हणूनच भजं कढईत पडताक्षणी फुलतं आणि त्याचं पीठ जागेवर धरतं. एअर फ्रायरमध्ये ते धरायच्या आत बेसनाचं पातळ पीठ जाळीतून खाली गळतं. कांदाभजे, मिरचीभजे, आलुबोंडा, पुरी, गुलगुले यांचा नाद तिथे सोडून द्यावा. जाहिरातीत दिसतात ते भजे घट्ट पिठाचे, कागदावर ठेवून, वरून तेल लावून केलेले असतात. खायला वाईट नसतात, पण त्यांना भजं म्हणणं जरा जास्तच झालं.

आता जे जमतं ते बघा. सीख कबाब, दही-मसाला लावलेली चिकन टंगडी, मासा, पनीर हे फार छान होतं. 180 अंशांवर टंगडीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मध्ये एकदा उलटायची, आणि हाडाजवळचा लाल रस दिसेनासा झाला की काढायची. शामी कबाबाला ब्रशने तेल लावलं की झालं. समोसाही बऱ्यापैकी होतो, फक्त पारीला वरून तेल लावायला विसरू नये, नाहीतर पांढरा आणि पुठ्ठ्यासारखा निघतो. पापड आणि शेंगदाणे भाजायला उत्तम. आणि शेगावहून आणलेली गार कचोरी पाच मिनिटांत पुन्हा खुसखुशीत करायची असेल तर या यंत्रासारखं दुसरं काही नाही. बकरी ईदनंतरच्या बोटी-टिक्क्यालाही त्याचा चांगला उपयोग होतो.

खरी अडचण मात्र माणसांच्या संख्येची आहे. चार लिटरच्या टोपलीत एका थरात सहा-आठ समोसे बसतात. एकावर एक रचले तर हवा फिरत नाही आणि मधले कच्चे राहतात. एका घाण्याला पंधरा-वीस मिनिटं धरा. घरात दहा माणसं आणि प्रत्येकी दोन समोसे, म्हणजे तीन घाणे, जवळजवळ एक तास. पहिला घाणा मगरिबच्या अजानपर्यंत गार. कढईत हेच वीस समोसे त्याहून बऱ्याच लवकर निघतात. उलट, चार माणसांच्या घरात एकाच घाण्यात काम होतं, आणि असरनंतर रोज्यात कढईसमोर घाम पुसत उभी राहणारी बाई तेवढा वेळ बसू शकते, तिलावत करू शकते. तेलाच्या बचतीपेक्षा आम्हाला हा फायदा मोठा वाटतो, पण जाहिरातीत याबद्दल कोणी बोलत नाही.

तेलाचा हिशोब घरीच करता येतो. तळण्याआधी तेल मापून कढईत ओता. गार झाल्यावर गाळून पुन्हा मापा. जेवढं कमी भरलं, त्यातलं बहुतेक पदार्थांबरोबर पोटात गेलं. महिनाभर हे वहीत लिहा. समजा महिन्याला एक लिटर वाचणार असेल आणि तेल दीडशे रुपये लिटर धरलं, तर सहा हजारांचं यंत्र वसूल व्हायला चाळीस महिने लागतील, वीजबिल न धरता! पैशासाठी घेत असाल तर हा सौदा कच्चा आहे. तब्येतीसाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, आणि ज्याला पथ्य आहे त्याच्या ताटात तळलेल्याऐवजी भाजलेला कबाब आला तर फरक पडतोच. पण समोशाचा मैदा आणि बटाटा तोच राहतो. शुगर असलेल्या माणसाने 'एअर फ्रायरचा आहे' म्हणून चार समोसे खाल्ले तर उपयोग काय?

यंत्र न घेताही एक सुधारणा आजच करता येते. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. वारंवार तापवलेल्या तेलात 'पोलर कंपाउंड' नावाचे घटक वाढतात. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे आणि 1 जुलै 2018 पासून ती लागू आहे. घरात ते मोजायचं साधन नसतं, म्हणून तेल काळं, चिकट झालं किंवा लवकर धुरावू लागलं की टाकून द्यावं. बटाट्याचं काही करायचं असेल, कढईत असो वा एअर फ्रायरमध्ये, तर काप अर्धा तास पाण्यात ठेवा आणि सोनेरी झाले की काढा. फार तपकिरी झालेल्या बटाट्यात ॲक्रिलामाइड हा नको असलेला पदार्थ तयार होतो. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं, आणि एअर फ्रायर त्यातून सुटत नाही.

विजेचं काय? साधारण यंत्र 1400-1500 वॅटचं असतं. ते साडेसहा अँपिअरपर्यंत करंट ओढतं, म्हणून मिक्सरच्या छोट्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला लावायचं नाही. 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि चांगली अर्थिंग हवी. घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर ते चालणार नाही. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरतं, तेव्हा 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर हीटरची ताकद साठ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पुस्तकातले वीस मिनिटं मग अर्ध्या तासावर जातात. रोज एक तास चालवलं तर महिन्याला 40 च्या आसपास युनिट लागतील, फार तर थोडे कमी. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटांनंतर जवळजवळ दुप्पट होतो. ज्यांचं बिल आधीच शंभरच्या काठावर आहे, त्यांना हे सगळे युनिट महागाच्या दराने पडतील. जुनं बिल काढून बघा.

हप्त्यावर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 'नो कॉस्ट इएमआय' लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट देतो म्हणून ते वेगळं दिसत नाही. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी असू शकते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या घरांनी कागद नीट वाचावा, शंका असेल तर आलिमांना दाखवावा, नाहीतर दर महिन्याला पैसे बाजूला टाकून रोखीने घ्यावा.

घ्यायचंच ठरलं तर एक करा: ज्या नातेवाइकाकडे आहे त्याच्याकडून दोन दिवस मागून आणा आणि आपल्याच घरचे समोसे, आपल्याच माणसांसाठी, आपल्याच व्होल्टेजवर करून बघा. आणि दुकानदाराला टोपली सुटी मिळते का ते आधी विचारा. तारेच्या घासणीने तिचा लेप निघतो आणि बदलायची वेळ येते ती टोपलीच. सर्व्हिस सेंटर अकोल्यात आहे की नागपूरला, हेही तेव्हाच विचारून घ्या.