श्वानाची जात आणि माणसाची माया

पणजीजवळच्या मिरामार परिसरात सकाळी फेरी मारणाऱ्यास कुत्र्यांच्या नाना जाती पाहावयास मिळतात. चेंडूमागे झेपावणारा लॅब्राडोर, मालकाच्या पायाशी ताठ उभा राहिलेला जर्मन शेफर्ड, चार पावले चालताच धापा टाकू लागणारा पग, आणि या सर्वांकडे दुरून पाहणारा, कोणाच्याही साखळीस न बांधलेला गावठी कुत्रा. आपल्याच कुत्र्याची जात श्रेष्ठ कशी, हे प्रत्येक मालक आवडीने सांगतो. ही आवड कशातून निर्माण होते आणि ती कुत्र्याच्या हिताची असते का, हे मात्र दोन निराळे प्रश्न आहेत.

कामातून घडलेल्या जाती

आज घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक जाती शोभेसाठी नव्हे, तर कामासाठी घडल्या. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील मच्छीमारांसोबत ते थंड पाण्यात उतरत, जाळी ओढत आणि निसटलेले मासे पकडून आणत. पुढे इंग्लंडमध्ये शिकारीतील पक्षी अलगद तोंडात धरून आणण्यासाठी त्यांची पैदास झाली आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबने या जातीस मान्यता दिली. माणसाचे ऐकण्याची हौस आणि चावा न घेता वस्तू धरण्याची सवय हे गुण त्या कामातून आले. मुले असलेल्या घरांत लॅब्राडोर लोकप्रिय ठरला तो याच गुणांमुळे.

त्याची सदैव भुकेली नजरही निव्वळ खोडी नव्हे. भुकेशी संबंधित एका जनुकाचा काही भाग सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोर कुत्र्यांत गळालेला असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळले. अशा कुत्र्याला पोट भरल्याची जाणीव कमी होते. त्यामुळे त्याच्या केविलवाण्या मुद्रेला भुलून ताटातला पाव त्याच्यापुढे टाकणे म्हणजे त्याच्या सांध्यांवरचा भार वाढविणे होय.

जर्मन शेफर्ड हा मुळात मेंढपाळाचा सोबती. १८९९ साली माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने या जातीची रीतसर नोंदणी सुरू केली. दिवसभर कळपाभोवती फिरणाऱ्या या कुत्र्याची बुद्धी आणि निष्ठा पोलीस दलांच्या उपयोगी पडली. घराची राखण करणारा म्हणून लोकांना तो आवडतो. परंतु दिवसभर व्हरांड्यात बांधून ठेवल्यास तीच बुद्धी कंटाळ्यात आणि अखंड भुंकण्यात खर्ची पडते.

काही जातींवर पडद्याची मोहिनी आहे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफीने पांढऱ्या केसाळ कुत्र्यास घराघरांत नेले. लोक त्याला पॉमेरियन म्हणत असले, तरी आपल्याकडील बरीचशी ‘पॉमेरियन’ कुत्री वास्तविक इंडियन स्पिट्झ असतात. खरा पॉमेरियन जेमतेम दोन-तीन किलोंचा. पुढे एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि त्याची मागणी एकाएकी वाढली.

हवामानाशी झगडा

माणसाप्रमाणे कुत्र्याच्या सर्वांगास घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांवरील थोड्या घामग्रंथी सोडल्यास शरीर थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणे. जीभ, तोंड आणि नाकातील ओलाव्याचे बाष्प होताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. हवाच दमट असली की हे बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे किनारपट्टीवरची एप्रिल-मे महिन्यांतील दुपार कुत्र्यासाठी कोरड्या प्रदेशातील उन्हाइतकीच, किंबहुना अधिक जाचक ठरू शकते.

पगचे चपटे नाक येथे त्याचा शत्रू बनते. नाकपुड्या अरुंद आणि मऊ टाळू लांब असल्याने त्याला मुळातच श्वास अपुरा पडतो. ज्या घोरण्याचे घरातल्यांना कौतुक वाटते, ते पुष्कळदा श्वसनमार्गातील अडथळ्याचे लक्षण असते. सायबेरियन हस्की ही बर्फात गाडी ओढण्यासाठी सायबेरियातील चुकची लोकांनी जोपासलेली जात. तिच्या दुहेरी केसांच्या आवरणास गोव्याच्या हवेत काहीच काम नाही. निळ्या डोळ्यांवर भाळून आणलेला हस्की मग वातानुकूलित खोलीत कैदी होऊन राहतो, आणि ते न परवडल्यास त्याची रवानगी निवाऱ्यात वा थेट रस्त्यावर होते.

स्वभाव जातीवर किती?

‘अमुक जात प्रेमळ, तमुक जात हिंस्र’ हे समीकरण सर्वत्र ऐकू येते. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनातील फरकापैकी केवळ नऊ टक्के फरक जातीवरून उलगडतो, असे त्यातून दिसले. उरलेला स्वभाव वंशातील इतर बाबी, पिल्लूपणीचे अनुभव आणि संगोपन यांतून घडतो.

याचा अर्थ जात गौण आहे असा नव्हे. बिथरलेला स्पिट्झ आणि बिथरलेला रॉटवायलर यांच्या चाव्यात ताकदीचा मोठा फरक असतो. याच चिंतेतून केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द ठरविले. गोव्यातही २०२५ साली हिंस्र प्राण्यांच्या पैदाशीवर आणि पाळण्यावर नियंत्रण आणणारे विधेयक विधानसभेत आले. कायदा काहीही सांगो, बलदंड कुत्रा प्रतिष्ठेसाठी आणणारा आणि त्याला शिकविण्यास वेळ नसलेला मालक हाच सर्वांत मोठा धोका असतो.

आपल्या मातीतले

परदेशी जातींच्या झगमगाटात शेजारच्या मुधोळचा विसर पडतो. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान. राजे मालोजीराव घोरपडे यांनी तेथील सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. २००५ साली टपाल खात्याने या जातीचे तिकीट काढले आणि पुढे लष्करानेही या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले. मात्र मुधोळला धावण्यास मोकळी जागा लागते. सदनिकेत ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

या भूमीशी खरे जुळवून घेतले आहे ते गावठी कुत्र्याने. आखूड केस, सडपातळ बांधा, उभे कान ही सगळी उष्ण हवेत टिकण्याची साधने. जवळच्या नात्यात पैदास न झाल्याने जातिवंत कुत्र्यांत आढळणारे अनेक आनुवंशिक विकार त्याच्यात कमी दिसतात. निवाऱ्यातून असे पिल्लू दत्तक घेण्यास फारसा खर्चही येत नाही. मोठ्या प्रमाणावरील लसीकरणामुळे २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. तो लौकिक टिकविण्यासाठी पाळीव असो वा रस्त्यावरचा, गावठी असो वा विदेशी, प्रत्येक कुत्र्यास दरवर्षी लस मिळणे अगत्याचे आहे.

कुत्रा घरी आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. दररोज त्याला फिरविण्यास वेळ आहे का? येथील हवा त्याला मानवेल का? पुढील दहा-बारा वर्षे, घरातील माणसे शिक्षण-नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी गेली तरी, त्याची जबाबदारी कोण घेणार? गोव्यातील कित्येक घरांत हा तिसरा प्रश्नच सर्वांत अवघड ठरतो. त्याचे उत्तर आधी सापडले, तर जात कोणतीही असो, माया वाया जात नाही.