मुका झालेला संगणक

गेल्या पावसाळ्यांत आमच्या दहावीच्या वर्गांतील एक मुलगा मधल्या सुटींत रडवेला होऊन माझ्याकडे आला. त्याच्या घरचा संगणक आदल्या रात्रीं एकाएकीं सुरू होईनासा झाला होता. कळ दाबली कीं आंतील पंखे फिरत, दिवेही लागत; परंतु पडदा काळा तो काळाच. सकाळीं वडिलांनीं यंत्र बाजारपेठेंतील एका दुकानीं नेऊन दाखविलें, तेव्हां तेथील गृहस्थांनीं झांकणही न उघडतां, "मदरबोर्ड जळाला, सात-आठ हजार खर्च येईल," असा निकाल देऊन टाकला. वडील एका आंब्याच्या बागाईतदाराकडे हिशेब लिहितात. एवढी रक्कम एका दमांत काढणें त्यांस सोपें नव्हतें. मुलाचें दुःख मात्र निराळें होतें. गांवांतील जुन्या विहिरींची माहिती त्यानें चार महिने हिंडून गोळा केली होती, आणि ती सारी त्या यंत्रांत होती.

मेमरींत बिघाड असावा असें मीं म्हणतांच तो अधिकच घाबरला. "सर, मेमरी गेली म्हणजे माझें लिहिलेलें सगळें गेलें ना?" ही समजूत त्या एका मुलाचीच नव्हे, पुष्कळ पालकांचीही तीच असते, म्हणून तिचा उलगडा प्रथम करतों. संगणकाजवळ स्मृति दोन प्रकारची असते. शाळेंतील उपमा द्यावयाची तर एक वही व दुसरी पाटी. लिहिलेला मजकूर, छायाचित्रें, हिशेब हें सर्व डिस्करूपी वहींत राहतें. वीज गेली तरी तें पुसलें जात नाहीं. प्रत्यक्ष काम करतांना मात्र यंत्र लागेल तेवढा मजकूर वहींतून पाटीवर उतरवून घेतें, आणि ही पाटी म्हणजेच रॅम. वीज बंद झाली कीं पाटी कोरी. पाटी फुटली म्हणून वहींतील अक्षरें जात नाहींत. परंतु पाटीवांचून ह्या विद्यार्थ्यास एक साधी बेरीजही मांडतां येत नाहीं, हीच खरी अडचण.

ही पाटी मोठी विलक्षण आहे. घरोघरच्या संगणकांतील रॅमची मूळ कल्पना आय. बी. एम. कंपनींतील संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांस १९६६ सालीं सुचली, व १९६८ सालीं त्यांस तिचें पेटंट मिळालें. तींत प्रत्येक खुणेसाठीं एक ट्रान्झिस्टर व एक अतिसूक्ष्म कपॅसिटर एवढेंच असतें. कपॅसिटर म्हणजे विद्युद्भार सांठविण्याची घागर समजा. भरलेली असेल तर एक, रिकामी असेल तर शून्य. पण ह्या सर्व घागरी गळक्या! म्हणून प्रत्येक घागर एका सेकंदांत सुमारें १५-१६ वेळां तपासून, भरलेली असल्यास ती पुन्हां कांठोकांठ भरावी लागते. ४ जीबीच्या एका पट्टींत अशा ३,४०० कोटींहून अधिक घागरी असतात. हा अखंड पाणवठा बिनबोभाट चालतो याचेंच नवल वाटावें. क्वचित् तो अडला तर त्यांत आश्चर्य तें काय?

आतां कळ दाबल्यावर काय घडतें तें पाहूं. मदरबोर्डावरील एका चिपेंत यंत्राचा आरंभींचा पाठ लिहून ठेवलेला असतो. त्यास बायॉस म्हणत. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय नांवाच्या पद्धतीनें घेतली आहे, तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें आहे. हा पाठ सुरू होतांच रॅमच्या पट्ट्या कोठें आहेत तें पाहतो, पट्टीवरील एका लहानग्या चिपेस तिचें आकारमान व वेग विचारतो, आणि तिच्याशीं तालसूर जुळवून घेतो. पडद्यावर चित्र उमटतें तें त्यानंतर. अर्थात् रॅमच सांपडली नाहीं तर तक्रार पडद्यावर लिहिण्याचीही सोय उरत नाहीं! म्हणून यंत्र शिट्या वाजवितें, किंवा मदरबोर्डावरील बारीक दिव्यांपैकीं एक दिवा लावून ठेवतें. ह्या शिट्यांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. यास्तव यंत्राबरोबर आलेली पुस्तिका रद्दींत घालूं नये.

रविवारीं दुपारीं मी त्या मुलाच्या घरीं गेलों. प्रथम विजेची वायर भिंतींतून काढली आणि सुरू करण्याची कळ कांहीं सेकंद दाबून धरली, म्हणजे आंत उरलेला विद्युद्भार निघून जातो. मग पेटीच्या उघड्या धातूस हात लावला. हें सोंवळें-ओंवळें नव्हे. आपल्या अंगावर सांठलेली स्थिर वीज बोटांतून निसटली तर आपणांस कळतही नाहीं, पण चिपेस ती मारक ठरूं शकते. आंत डीडीआर४ जातीच्या, ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. त्या दोन्ही काढून मीं वायर पुन्हां लावली आणि यंत्र सुरू केलें. मुलगा चकित झाला. नसलेल्या वस्तूची परीक्षा ती कसली? इतका वेळ मुकें असलेलें यंत्र लांब लांब शिट्या देऊं लागलें. मला हायसें वाटलें. जळून गेलेला मदरबोर्ड "माझी रॅम कोठें आहे?" असें विचारीत नाहीं.

पुढचें काम मीं मुलाकडूनच करविलें. दर वेळीं वीज तोडावयाची आणि एकच गोष्ट बदलावयाची, एवढें बंधन घातलें. पट्ट्यांस आम्हीं 'अ' व 'ब' अशीं नांवें दिलीं. पुस्तिकेंत एकट्या पट्टीसाठीं सांगितलेल्या खांचेंत 'अ' बसविली. पट्टीची खूण मध्यापासून किंचित् बाजूस असते, त्यामुळें ती उलटी बसत नाहीं. दोन्ही अंगठ्यांनीं सारखा दाब देऊन टोंकाच्या चिमट्यांचा 'कट्' असा आवाज होईपर्यंत ती दाबावी लागते. पडदा उजळला! त्याच खांचेंत 'ब' घालतांच पुन्हां काळोख. दुसऱ्या खांचेंत 'ब': काळोख. त्याच दुसऱ्या खांचेंत 'अ': उजेड. "म्हणजे खांचा चांगल्या, मदरबोर्ड चांगला, दोष 'ब'चा," असें तो माझ्या आधींच म्हणाला.

'ब'चीं टोंकें पुसूनही पाहिलीं, पण गुण आला नाहीं. येथें खोडरबराविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण दुरुस्तीच्या दुकानांतून त्याची फार ख्याति आहे. पट्टीच्या कडेवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. सोनें गंजत नाहीं. परंतु आमच्या कोंकणच्या दमट हवेंत धूळ व बोटांचा तेलकटपणा यांचा थर त्यावर बसतो, आणि स्पर्श तुटतो. पुष्कळदां पट्टी काढून पुन्हां नीट बसविल्यानेंच तो थर खरवडला जाऊन यंत्र सुरू होतें, आणि श्रेय खोडरबरास मिळतें! घासून घासून सोनेंच उडविण्यापेक्षां स्वच्छ कापडावर थोडेंसें आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेंच पुसणें बरें.

सर्वच यंत्रांची कथा अशी सरळ नसते. नवी पट्टी विकत आणली आणि ती बसेना, तर जोर करूं नये. डीडीआर३, डीडीआर४ व डीडीआर५ यांच्या खुणा मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणीं ठेवलेल्या आहेत. डीडीआर५ बसविल्यावर पहिल्या वेळीं तालसूर जुळविण्यास यंत्र कांहीं मिनिटेंही घेतें. तेव्हां घाईनें वीज तोडणाऱ्यांनीं धड यंत्र दुकानीं नेल्याचीं उदाहरणें मीं पाहिलीं आहेत. कोणी रॅमचा वेग वाढवून ठेवला असल्यास मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी, वायर काढून, कांहीं मिनिटें बाहेर ठेवली म्हणजे पुष्कळ यंत्रें मूळपदावर येतात. यंत्र सुरू होतें पण मध्येंच अडखळतें, अशा वेळीं मेमटेस्ट८६ नांवाचा मोफत मिळणारा परीक्षक रात्रभर चालवून ठेवावा. त्यानें एकही चूक दाखविली तरी, वेग वाढविलेला नसल्यास, त्या पट्टीवर विसंबूं नये. आणि शिट्याही नाहींत, पंखेही नाहींत, तर रॅमच्या मागें न लागतां प्रथम वीजपुरवठा पाहावा.

त्या दिवशीं पडदा उजळल्यावर वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "सर, म्हणजे सात हजार वांचले म्हणावयाचे?" बिघडलेल्या पट्टीऐवजीं दुसरी घेण्यास त्याच्या लहानशा अंशांत भागेल असें मीं सांगितलें, परंतु तूर्त ती घेण्याचेंही त्यांनीं लांबणीवर टाकलें. यंत्र आतां ४ जीबीवर चालतें, थोडें रेंगाळतें. विहिरींची नोंद जशीच्या तशी होती. मुलानें ती उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहिली, आणि मी चहा घेत होतों तेवढ्यांत शेजाऱ्यांकडून पेन ड्राइव्ह मागून आणून तिची एक प्रत त्यावर उतरवून घेतली.