ज्युनिअर मुलींचे फिगर स्केटिंग : चाहत्यांची चर्चा, वयाची अट आणि गुणांचे गणित

प्रस्तावना :

स्केटिंग म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर चाकांचे बूट घालून सिमेंटच्या रिंगणात फिरणारी मुले उभी राहतात. फिगर स्केटिंग हा त्याहून वेगळा, बर्फावर पोलादी पात्यांच्या बुटांनी खेळला जाणारा आणि संगीताच्या साथीने सादर होणारा क्रीडाप्रकार आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ साली स्थापन झाली. या संघटनेच्या ज्युनिअर गटाची जागतिक स्पर्धा १९७६ पासून होत आहे, तर ज्युनिअर ग्रां प्री ही स्पर्धामालिका १९९७-९८ च्या हंगामात सुरू झाली. हंगामापूर्वीच्या १ जुलैपर्यंत तेरा वर्षे पूर्ण झालेल्या, परंतु एकोणीस वर्षे पूर्ण न झालेल्या मुली एकेरीच्या या गटात उतरू शकतात.

या ज्युनिअर मुलींना पाहणारा जगभर विखुरलेला एक निष्ठावंत चाहतावर्ग आहे. त्यातील अनेक जण प्रत्येक उडीचे चित्रीकरण संथ गतीने पुन्हा पाहतात, पंचांचे तपशीलवार गुणपत्रक वाचतात आणि पुढच्या ऑलिम्पिकची विजेती यातूनच कोण निघेल याची भाकिते करतात. वरवर पाहता ही हौशी मंडळींची करमणूक वाटते. परंतु या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न गंभीर आहे. वाढत्या वयातील मुलीच्या शरीराकडून एखाद्या खेळाने किती आणि कशाची अपेक्षा करावी, आणि ती अपेक्षा ठरवते कोण, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

भाकित आणि त्याची मर्यादा :

ज्युनिअर जगज्जेतेपद हे पुढील यशाचे लक्षण मानण्यास चाहत्यांजवळ पुरेसा आधार आहे. १९८८ ची ज्युनिअर विजेती क्रिस्टी यामागुची १९९२ मध्ये ऑलिम्पिक विजेती झाली. २०११ ची विजेती आदेलिना सोत्निकोवा हिने २०१४ मध्ये आणि २०१७ ची विजेती अलिना झागितोवा हिने अवघ्या एका वर्षात, २०१८ मध्ये, तोच मान मिळवला. २००५ च्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत जपानची माओ असादा पहिली व दक्षिण कोरियाची किम युना दुसरी आली. २००६ मध्ये हा क्रम उलटला. सप्टेंबर १९९० मध्ये, वीस दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघींनी पुढे २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये अनुक्रमे रौप्य व सुवर्णपदक पटकावले. ज्यांनी त्यांना पंधरा वर्षांच्या असताना पाहिले होते, त्यांना आपली पारख खरी ठरल्याचे समाधान मिळाले असणार.

तथापि, याच स्पर्धेचा २००७ चा निकाल दुसरीच बाजू दाखवतो. जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे त्या वर्षी तिन्ही पदके अमेरिकन मुलींनी जिंकली. कॅरोलाइन झांग पहिली, मिराई नागासू दुसरी आणि अ‍ॅश्ली वॅग्नर तिसरी आली. त्या दिवशीच्या क्रमानुसार भाकित करणाऱ्याचा अंदाज साफ चुकला असता. झांगला ऑलिम्पिक संघात कधीच स्थान मिळाले नाही. नागासू २०१० मध्ये ऑलिम्पिकला चौथी आली आणि आठ वर्षांनी, २०१८ मध्ये, ऑलिम्पिकमध्ये तिहेरी अ‍ॅक्सेल यशस्वी करणारी पहिली अमेरिकन महिला ठरली. तिसऱ्या क्रमांकाच्या वॅग्नरने २०१६ मध्ये, ज्युनिअर पदकानंतर नऊ वर्षांनी, सीनिअर जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. चाहत्यांच्या चर्चेत विजेत्यांची उदाहरणे वारंवार येतात, वॅग्नरसारखी क्वचितच. वास्तविक तिच्याच कारकिर्दीतून अधिक शिकण्यासारखे आहे.

उडीमागील विज्ञान :

भाकित चुकण्याचे एक प्रमुख कारण भौतिकशास्त्रात आहे. बर्फ सोडताना खेळाडूने मिळवलेला कोनीय संवेग हवेत बदलत नाही. हात छातीशी घेऊन आणि पाय एकमेकांवर आवळून शरीर जितके अक्षाजवळ आणता येईल, तितका गिरकीचा वेग वाढतो. हवेतील काळ मात्र सेकंदाच्या सुमारे दोन-तृतीयांशाइतकाच असतो. एवढ्या अवधीत तीन किंवा चार गिरक्या पूर्ण करायच्या तर अरुंद खांदे व नितंब आणि हलके शरीर यांचा थेट लाभ होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीजवळ ही ठेवण निसर्गतःच असते. वयात येताना उंची वाढते, वस्तुमानाची विभागणी बदलते आणि काल सहज जमणारी उडी आज अपुरी राहते. मुलांच्या बाबतीत याच वयात स्नायूंचे बळ वेगाने वाढते आणि शरीरातील बदलाची बऱ्याच अंशी भरपाई होते. मुलींना ती भरपाई त्या प्रमाणात मिळत नाही. जमिनीवर येताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो, आणि सरावात हा आघात दिवसातून अनेकदा सोसावा लागतो, हा भाग वेगळाच.

चार गिरक्यांची उडी स्पर्धेत यशस्वी करणारी पहिली महिला ज्युनिअर गटातलीच होती. डिसेंबर २००२ मध्ये हेग येथे झालेल्या ज्युनिअर ग्रां प्रीच्या अंतिम स्पर्धेत जपानच्या चौदा वर्षांच्या मिकी आंदोने चार गिरक्यांची साल्को उडी पूर्ण केली. २००७ व २०११ मध्ये ती जगज्जेती झाली. मात्र ही दोन्ही पदके तिला त्या उडीने मिळवून दिलेली नाहीत. आंदोनंतर दीर्घ काळ ही वाट जवळजवळ ओसच राहिली. मार्च २०१८ मध्ये सोफिया येथील ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रशियाच्या तेरा वर्षांच्या अलेक्सांद्रा त्रुसोवाने एकाच कार्यक्रमात चार गिरक्यांच्या दोन वेगवेगळ्या उड्या मारल्या. त्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्रुसोवाने दीर्घ कार्यक्रमात अशा पाच उड्या मारल्या व रौप्यपदक मिळवले.

गुणांचे गणित :

चाहत्यांमधील सर्वांत तीव्र मतभेद येथे आढळतात. एक पक्ष म्हणतो की, जे अवघड आहे त्याला अधिक गुण मिळालेच पाहिजेत, अन्यथा हा खेळ उरत नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते पात्याच्या कडेवरील पकड, संगीताची जाण आणि हालचालींतील प्रौढता यांना दुय्यम ठरवणारी पद्धत खेळाचा गाभाच हरवून बसते. या वादाचा निवाडा करण्यापूर्वी प्रत्यक्ष तक्ता पाहणे उपयुक्त ठरेल.

सहा गुणांची जुनी पद्धत २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधील पंचगिरीच्या घोटाळ्यानंतर मोडीत निघाली. २००४ मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत प्रत्येक घटकाला मूळ मूल्य असते आणि पंच त्यात गुणवत्तेनुसार भर घालतात किंवा वजावट करतात. २०१८ मध्ये सुधारलेल्या तक्त्यानुसार तिहेरी लुट्झचे मूळ मूल्य ५.९० आहे, तर चार गिरक्यांच्या लुट्झचे ११.५०, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चारही गिरक्या पूर्ण करून खेळाडू उतरताना पडली, तर मूळ मूल्याच्या निम्मे गुण आणि पडल्याबद्दल आणखी एक गुण वजा होतो. तरीही ४.७५ गुण उरतात. याउलट दुहेरी अ‍ॅक्सेलचे मूळ मूल्य ३.३० आहे. सर्व पंचांनी तिला सर्वोच्च दर्जा दिला तरी ती ४.९५ पर्यंतच पोहोचते. अपयशी ठरलेला एक धाडसी प्रयत्न आणि निर्दोष सादर केलेली एक सोपी उडी यांत अवघ्या ०.२० गुणांचा फरक राहतो. प्रशिक्षकाने हे गणित मांडले की कोवळ्या वयातच चार गिरक्यांचा सराव का सुरू होतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रशिक्षकांच्या महत्त्वाकांक्षेला दोष देणारे चाहते या तक्त्याकडे मात्र क्वचितच बोट दाखवतात.

तक्ता बदलला की डावपेच बदलतात, याचे उदाहरणही जवळचेच आहे. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातील उड्यांना दहा टक्के अधिक मूल्य मिळत असे. झागितोवाने आपल्या सर्व उड्या उत्तरार्धात ठेवल्या. २०१८-१९ पासून हा लाभ लघु कार्यक्रमातील शेवटच्या एका व दीर्घ कार्यक्रमातील शेवटच्या तीन उड्यांपुरता मर्यादित करण्यात आला. दुसरीकडे, चार गिरक्यांची उडी किंवा तिहेरी अ‍ॅक्सेल यांपैकी काहीही न करणारी जपानची काओरी साकामोतो २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जगज्जेती झाली. २०१७ च्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ती झागितोवाच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर होती. अर्थात, तिच्या या यशाचा विचार करताना मार्च २०२२ मध्ये रशियन खेळाडूंना वगळण्यात आले होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्यामुळे हा पुरावा दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात.

वयाची अट :

सोन्या हेनी १९२४ मध्ये अकराव्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये उतरली होती. १९९७ मध्ये तारा लिपिन्स्की चौदाव्या वर्षी जगज्जेती झाली. त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, सीनिअर गटासाठी पंधरा वर्षांची अट ठरली होती. आधी जागतिक स्पर्धेत खेळलेली असल्याने तिला सवलत मिळाली. असादाला तशी सवलत नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये तिने सीनिअर ग्रां प्रीची अंतिम स्पर्धा जिंकली, परंतु ८७ दिवस उशिरा जन्मल्यामुळे दोन महिन्यांनंतरच्या तोरिनो ऑलिम्पिकला ती अपात्र ठरली.

बीजिंगमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला वालिएवाच्या उत्तेजक चाचणीचे प्रकरण उघडकीस आले आणि वयाच्या प्रश्नाला जागतिक प्रसिद्धी मिळाली. २०२० ची ही ज्युनिअर जगज्जेती जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाच्या निर्णयाने चार वर्षांसाठी अपात्र ठरली. वयोमर्यादा वाढवण्याचा विचार या प्रकरणापूर्वीपासून चालू होता. जून २०२२ मध्ये फुकेत येथील अधिवेशनात १०० विरुद्ध १६ मतांनी तो संमत झाला आणि २०२४-२५ पासून सीनिअर गटासाठी सतरा वर्षांची अट लागू झाली.

या निर्णयाचे स्वागत करताना एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. अट सीनिअर गटाची वाढली. ज्युनिअर गटाचे प्रवेशवय तेराच राहिले आणि उड्यांच्या मूल्यांचा तक्ताही कायम राहिला. म्हणजे ज्या वयात शरीरावर सर्वाधिक ताण पडतो, तो ताण नाहीसा झाला नाही. ऑलिम्पिकच्या झोतातून निघून तो ज्युनिअरच्या कमी गजबजलेल्या रिंगणात मात्र राहिला. नियमाच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की, सतराव्या वर्षापर्यंत टिकेल असे तंत्र घडवण्याचे कारण आता प्रशिक्षकांपुढे आहे.

चर्चेची भाषा :

पात्याची कड आतली की बाहेरची, गिरकी हवेत पूर्ण झाली की बर्फावर, ही चिकित्सा योग्यच आहे. अनेक सामान्य प्रेक्षक या खेळाचे तंत्र त्यातूनच शिकले. परंतु उडीच्या चिकित्सेतून उडी मारणाऱ्या मुलीच्या उंची-वजनाच्या चिकित्सेकडे चर्चा केव्हा सरकते, ते बोलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ‘अजून वाढ झालेली नाही, तोवर ठीक’ अशा अर्थाचे शेरे चौदा वर्षांच्या मुलीविषयी सहज केले जातात. २०१२ ची ज्युनिअर जगज्जेती युलिया लिपनित्स्काया हिने २०१७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, निवृत्त होताना आहारविषयक विकारावर उपचार घेतल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर तरी असे शेरे निरुपद्रवी मानता येत नाहीत. शरीर बदलणे हा त्या मुलीचा दोष नाही. तो दोष ठरतो तो केवळ गुणपद्धतीच्या संदर्भात, आणि टीका करायचीच असेल तर तिचा रोख त्या पद्धतीकडे असावा.

अमेरिकेच्या अलिसा लिऊचे उदाहरण येथे बोलके आहे. २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली आणि त्याच वर्षी लेक प्लॅसिड येथील ज्युनिअर ग्रां प्रीमध्ये तिने तिहेरी अ‍ॅक्सेल व चार गिरक्यांची लुट्झ एकाच कार्यक्रमात यशस्वी केली. एप्रिल २०२२ मध्ये सोळाव्या वर्षी ती निवृत्त झाली. चाहत्यांनी तिचा अध्याय संपल्याचे मानले होते. २०२४ मध्ये ती परतली आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टन येथे, त्या दोन्ही उड्यांशिवाय, जगज्जेती झाली.

सध्या ही सारी चर्चा जपानच्या माओ शिमादाभोवती फिरते. असादावरूनच तिचे नाव ठेवण्यात आले. तिहेरी अ‍ॅक्सेल आणि चार गिरक्यांची टो लूप आपल्या कार्यक्रमांत समाविष्ट करणाऱ्या शिमादाने २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन ज्युनिअर जागतिक विजेतेपदे मिळवली. या तिन्ही वेळी दक्षिण कोरियाची शिन जि-आ दुसरी आली. शिनचा जन्म मार्च २००८ चा, तर शिमादाचा त्याच वर्षी ३० ऑक्टोबरचा. त्यामुळे १ जुलै २०२५ या तारखेच्या निकषावर २०२६ च्या मिलान ऑलिम्पिकसाठी वयाने पात्र ठरली ती शिन. शिमादाला २०३० पर्यंत थांबावे लागणार असून तेव्हा ती एकवीस वर्षांची असेल.