भाजीला जाणारी सायकल

‘हल्ली सायकल चालवतंय कोण?’ असं विचारणारे सहसा मोटारीत बसलेले असतात. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. दुचाकीवाले तेव्हा किंचित कमीच होते. दूध टाकणारा, हँडलला डबा अडकवून निघालेला गवंडी आपल्या नजरेत भरत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर सायकलस्वाराचा तो चकचकीत पोशाख नसतो.

चांगली सायकल म्हणजे गिअरची, महागडी, हा समजही त्या पोशाखाबरोबरच आला. बाजार, शाळा, बँक एवढंच करायचं असेल आणि वाटेत मोठा चढ नसेल, तर साधी सायकल उत्तम. मडगार्ड नसेल तर पावसात पाठीवर चिखलाची रेघ उठते, चेनकव्हर नसेल तर पँटला वंगण लागतं. कॅरिअर, स्टँड, घंटी, दिवा हवेतच. गंमत म्हणजे महागड्या सायकलींवर बऱ्याचदा नेमकं हेच नसतं! पायडल जड जातं ते बहुधा सीट खाली आणि चाकात हवा कमी म्हणून. पायडल तळाला असताना गुडघा जेमतेम वाकेल, इतकी सीट वर घ्यावी.

वेळेचं म्हणाल, तर टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीच्या २०२४च्या पाहणीत पुण्यात मोटारीला १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं लागत होती, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. सायकल रमतगमत १२ ते १५ जाते. घाम मात्र एप्रिलच्या दुपारी येणारच, बसमध्येही येतो.

सगळ्यांत चिवट समज नेदरलँड्सबद्दलचा: ‘सायकल त्यांच्या रक्तातच आहे.’ रक्तात नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ साली रस्त्यांवरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. ‘बालहत्या थांबवा’ म्हणत पालक रस्त्यावर उतरले, १९७३मध्ये तेलटंचाई आली आणि मग हळूहळू सायकलींना वेगळे मार्ग मिळत गेले. आज तिथल्या चारातल्या एकाहून अधिक फेऱ्या सायकलने होतात.

पुणे महापालिकेचा सायकल आराखडाही २०१७चा आहे. झालेल्या मार्गांवर मात्र अनेक ठिकाणी दुचाक्याच उभ्या दिसतात. तो प्रश्न महापालिकेचा. पण एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. फाटकाजवळ तेवढी जागा आणि कुलूप अडकवायला एक लोखंडी पाइप सोसायटीला उद्याही देता येईल.